सहल पायी का असू नये?

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की सूचनाफलकावर वार्षिक सहलीची सूचना लागते आणि वर्गावर्गांतून एकच कोलाहल उठतो. म्हैसूर की हंपी, विजापूर की महाबळेश्वर, खिडकीजवळची जागा कोणाची, गाडीत चित्रपट दाखविणार की नाही, अशा प्रश्नांना मधली सुटी पुरत नाही. या गलबल्यात प्रत्येक वर्गातील काही मुले मात्र गप्प असतात. त्यांना विचारावे तर कोणी म्हणतो, “मला गाडी लागते”, कोणी म्हणते, “मामाकडे लग्न आहे.” यातील खरे किती हे शिक्षकास ठाऊक असते. सहलीची वर्गणी ज्या घरास झेपत नाही, त्या घरातील मूल स्वाभिमानापोटी असली कारणे शोधते. आणि तीन दिवसांनी परत आलेली मुले प्रवासातील गमती सांगू लागली की पाणी पिण्याच्या निमित्ताने वर्गाबाहेर निघून जाते.

या एका कारणासाठी जरी सहलीची आपली कल्पना पुन्हा तपासून पाहिली, तरी ते योग्यच ठरेल. परंतु आम्हांस येथे जे मत मांडावयाचे आहे, त्यामागे केवळ दया नाही. वर्गणी भरणाऱ्या मुलांच्या पदरात तरी या दूरच्या सहलीतून काय पडते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. रात्रभर गाडीत बसावे, पहाटे कोठेतरी तोंड धुवावे, राजवाड्याच्या दालनांतून रांगेने पुढे सरकावे, छायाचित्रे काढावी, आणि पुन्हा गाडीत बसावे. मुले म्हैसूर पाहून येतात, आणि त्याच मुलांना मलप्रभा कोठे उगम पावते हे विचारले तर भूगोलाच्या पुस्तकातील वाक्य म्हणून दाखवितात. ज्या नदीचे पाणी ती रोज पितात, तिचा उगम त्यांच्याच तालुक्यात आहे. परंतु तेथे गेलेल्यांस हात वर करावयास सांगितले, तर वर्गात फारच थोडे हात वर येतात.

आमचे म्हणणे असे : इयत्ता आठवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गाने वर्षातून निदान तीनदा, सकाळी निघून सायंकाळी परत येता येईल अशी सहल करावी, त्या सहलीचा मोठा भाग पायी असावा, आणि तिच्यासाठी कोणत्याही मुलाकडून बसच्या तिकिटापलीकडे एक पैसाही मागू नये. दूरची सहल हवी तर शाळेच्या शेवटच्या वर्षी एकदा काढावी. हंपीचे आमचे काही वैर नाही. परंतु हंपीचे दगड वाचावयास जी दृष्टी लागते, ती हलशीच्या दगडांवर आधी तयार होऊ शकते, आणि हलशी आपल्या दाराशी आहे.

निसर्गाने आपणांस या बाबतीत कृपणता दाखविलेली नाही. खानापूर हे मलप्रभेच्या खोऱ्यातील गाव. पश्चिमेस व दक्षिणेस सह्याद्रीच्या रांगा, पूर्वेस हळूहळू उघडी होत जाणारी, पावसास पारखी अशी माळाची भूमी, आणि या दोहोंच्या मध्ये भाताची खाचरे. एका दिशेने तासभर गेले की दाट अरण्य, दुसऱ्या दिशेने तासभर गेले की बोडका माळ, असे गाव सर्वांच्याच वाट्यास येत नाही. शिवाय लोंढ्याहून बेळगावकडे जाणारा लोहमार्ग आपल्या गावावरून जातो. गुंजी, इदलहोंड, देसूर ही स्थानके त्या मार्गावरचीच. जांबोटी, कणकुंबी, नंदगड या सर्व दिशांस बसगाड्या जातात. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसगाड्यांत स्त्रियांस व मुलींस भाडे पडत नाही. म्हणजे वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च आताच शून्यावर आला आहे. उरलेल्यांचे भाडे भरणे शाळेस अशक्य नाही. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चापुढे ते काहीच नाही.

आता वाटांविषयी.

सर्वांत सोपी वाट असोग्याची. पाच-सहा किलोमीटरचे अंतर. मुलांच्या चालीने दीड तास, रेंगाळत गेल्यास दोन तास. मलप्रभेच्या काठी रामलिंगाचे देऊळ आहे, महाशिवरात्रीस तेथे गर्दी असते, एरवी निवांत. परंतु असोग्यास देवळासाठी जावयाचे असेल तर ते कुटुंबासमवेत केव्हाही जाता येईल. विद्यार्थ्यांनी जावयाचे ते वाटेसाठी. नोव्हेंबरात भाताची कापणी चालू असते; कोठे खळ्यावर मळणी, कोठे गवताच्या गंज्या रचण्याचे काम. खाचरांचे बांध असे का वळतात, वरच्या खाचरातील पाणी खालच्या खाचरात कसे सोडतात, नदीकाठच्या मातीचा रंग व माळावरच्या मातीचा रंग निराळा का, हे सर्व चालता चालता दिसते आणि विचारता येते. खानापूरची माती कौलांसाठी व मडक्यांसाठी प्रसिद्ध आहे, येथे कौलांचे कारखाने निघाले आणि ग्रामीण कुंभारकामाचे शिक्षण देणारी खादी-ग्रामोद्योगाची संस्थाही आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ती माती ओली असताना हातात घेऊन तिचा चिकटपणा किती मुलांनी पाहिला आहे? विज्ञानाच्या तासास जो अर्धा तास ‘मृदेचे प्रकार’ लिहून घेण्यात जातो, तो या वाटेवर घालविला तर पुन्हा तो धडा शिकविण्याची गरज उरणार नाही.

दुसरी सहल कणकुंबीची, आणि आमच्या मते ही सर्वांत मोलाची आहे. जांबोटीमार्गे बसने जावे. वाटेत हब्बनहट्टी लागते. तेथे नदीच्या पात्राशेजारीच मारुतीचे स्थान आहे, आणि पावसाळ्यात पूर आला की ते पाण्याखाली जाते. हिवाळ्यात त्या जागी उभे राहून पुराची रेषा शोधावी. पाणी केवढे चढते याची जी कल्पना त्या एका खुणेवरून येते, ती आकड्यांनी येत नाही. कणकुंबीस माउलीचे देऊळ व रामेश्वराचे देऊळ आहे. येथेच, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर, मलप्रभा उगम पावते. उगम पाहून मुलांची निराशा होण्याचा संभव आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. नदीचा उगम म्हणजे डोंगर फोडून कोसळणारा प्रवाह अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात दिसते ते देवळाजवळचे तीर्थ आणि बारीकशी धार. तीच धार खानापुरास येते तेव्हा पूल लागतो. पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थास तिला धरणाने अडविले आहे. त्याहून पुढे तिच्याच काठी चालुक्यांची पट्टदकल व ऐहोळेची देवळे उभी आहेत. आणि सुमारे ३०४ किलोमीटर वाहून ती कूडलसंगमास कृष्णेला मिळते. कृष्णा तिचे पाणी आंध्रात बंगालच्या उपसागरापर्यंत नेते.

इतके तर पुस्तकातही सापडेल. कणकुंबीस जाऊन जे कळते ते याहून निराळे आहे. या गावाच्या परिसरातच पाणलोटाची सीमा आहे. एका उतारावर पडलेला पाऊस मलप्रभेत जातो व पूर्वसमुद्र गाठतो. पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस कळसा नाल्यात उतरतो, म्हादईस मिळतो, गोव्यात मांडवी हे नाव घेतो आणि पणजीपाशी पश्चिमसमुद्रात विलीन होतो. दोन मुलांनी चार पावलांच्या अंतराने आपापल्या बाटलीतील पाणी ओतावे, आणि वर्गाने त्या दोन ओहळांचा प्रवास नकाशावर बोटाने रेखावा. एवढा सोपा आणि एवढा विलक्षण प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत होणार नाही.

आणि तेथे आणखी एक गोष्ट दिसते, जिच्याकडे डोळेझाक करून सहल पुरी करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळविण्यासाठी खोदलेला कालवा कणकुंबीजवळ आहे. या पाण्यावरून कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र यांच्यात वाद आहे. २०१० साली त्यासाठी लवाद नेमला गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने निवाडा देऊन कर्नाटकास १३.४२ टीएमसी पाणी ठरविले, आणि त्यानंतर राज्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. हुबळी-धारवाडकडील तहानलेल्या गावांस पाणी हवे, हे खरे. खालच्या अंगास सत्तरीतील कुळागरे व वायंगण शेती याच पाण्यावर जगते, हेही खरे. आणि ज्यांच्या शिवारातून हा कालवा खणला, त्या कणकुंबीच्या लोकांचे म्हणणे वर्तमानपत्रांत क्वचितच येते. वादविवाद स्पर्धेत या विषयावर बाहू उभारून बोलणारे विद्यार्थी आम्ही ऐकले आहेत. त्यांची वाक्ये ऐटदार असतात. परंतु त्यांपैकी एकानेही तो कालवा पाहिलेला नसतो. आधी त्याच्या काठावर उभे राहावे, गावातील चार वृद्धांशी बोलावे, मग व्यासपीठावर चढावे. त्यानंतर विद्यार्थ्याचे मत कोणत्या बाजूस पडेल ते पडो. ते त्याचे स्वतःचे असेल.

तिसरी वाट नंदगड व हलशीची. नंदगडास संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मेचा हा शूर अनुयायी. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला, पुढे कित्तूर पडले, आणि राणी बंदिवासात असताना १८२९ साली बैलहोंगलास निवर्तली. रायण्णाने गरिबांच्या बळावर लढा चालू ठेवला. फितुरीने पकडला जाऊन २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे तो फाशी गेला. समाधीवर वड आहे. तो त्याच्या एका सोबत्याने लावला असे सांगतात. मूल व्हावे म्हणून लोक तेथे नवस करतात. ज्या गावात घराघरांतून मराठी बोलली जाते, त्या गावाने एका कन्नड वीराची समाधी पिढ्यान्‌पिढ्या आपली म्हणून जपली आहे. आपल्या सीमाभागातील मुलांनी या गोष्टीवर थोडा वेळ मनाशी विचार करावा, एवढेच आम्ही म्हणू. भाषेचा प्रश्न आपल्या जागी आहे आणि मराठी शाळा टिकल्याच पाहिजेत, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु शेजाऱ्याच्या इतिहासास पाठ दाखवून आपली भाषा बळकट होते, हे मात्र आम्हांस कधीच पटलेले नाही.

नंदगडाच्या पुढे हलशी. आज हे एक लहान खेडे आहे. भाताची खाचरे, कौलारू घरे आणि त्यांच्या मधोमध ही प्राचीन देवळे. परंतु दीड हजार वर्षांपूर्वी याचे नाव पलाशिका होते, आणि बनवासीच्या कदंबांची ती दुसरी राजधानी होती. गावाबाहेर चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळ कदंबांचे संस्कृत ताम्रपट सापडले, जे. एफ. फ्लीट यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. मृगेशवर्म्याने आपल्या पित्याच्या स्मरणार्थ येथे जिनालय बांधविल्याचे त्यांत सांगितले आहे. रविवर्म्याच्या ताम्रपटात तर कार्तिकी पौर्णिमेस पलाशिकेत आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव व्हावा व त्याचा खर्च एका गावाच्या उत्पन्नातून चालावा, अशी आज्ञा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे सहलीस उत्तम अशा दिवसांत, हलशीस जाऊन ही आज्ञा मुलांस वाचून दाखविली, तर इतिहास हा केवळ लढायांचा व सनावळीचा विषय नाही हे त्यांना कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळी, बाराव्या शतकात, येथे भूवराह-नरसिंहाचे देऊळ उभे राहिले. या देवळाचे वैशिष्ट्य असे की त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात पृथ्वीस दाढेवर उचलणारा वराह, दुसऱ्यात नरसिंह. मधल्या मंडपात उभे राहिले की दोन्ही देवांच्या दृष्टीत आपण येतो. कळमेश्वराचे व सुवर्णेश्वराचे देऊळ, जैन बस्ती, आणि तेथून दोनेक किलोमीटरवर टेकडीवरील रामतीर्थ, हे सर्व एका दिवसात पायी पाहून होते. पाहताना घाई करू नये. देवळाच्या बाहेरच्या भिंतीचे अंतर पावलांनी मोजून वहीत आराखडा काढावा. ज्याला चित्रकलेत गती नाही त्यानेही काढावा. रेघ वाकडी आली तरी डोळा सरळ पाहू लागतो.

इतर ठिकाणांविषयी फार लिहीत नाही. गुंजीस आगगाडीने जाऊन माउलीचे देऊळ पाहता येईल. देसूर स्थानकावर उतरून येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढता येईल. चढ बेताचा आहे, वर सिद्धेश्वराचे देऊळ आहे आणि चहूंकडे दूरवर दृष्टी जाते. लहान इयत्तांस हा गड उत्तम.

भीमगडाचे मात्र निराळे आहे. खानापूरच्या मुलांस त्याचे सर्वांत जास्त आकर्षण असते, आणि आम्हांस सर्वांत जास्त संकोच वाटतो तो त्याच्याविषयीच. भीमगड २०११ साली अभयारण्य झाले. सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे अरण्य. यातच म्हादई उगम पावते. यातच बारापेडेची गुहा आहे, आणि त्या गुहेत राहणाऱ्या एका वटवाघळाच्या जातीचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले. कित्येक दशके ही जात जगात केवळ या एका गुहेतून ठाऊक होती. पुढे ती मेघालयात व कंबोडियात आढळली. आपल्या तालुक्याचे नाव जगाच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आले ते या इवल्याशा जिवामुळे. परंतु तो जीव पाहण्यासाठी चाळीस मुलांनी गुहेत शिरावे काय? मुळीच नाही. गुहेतील वटवाघळे आवाजाने व उजेडाने व्याकुळ होतात, पिले असताना तर जागा सोडून जातात. वनखात्याच्या परवानगीवाचून त्या अरण्यात पाऊल टाकू नये. परवानगी मिळाली तरी गुहेचे नाव काढू नये. काही गोष्टी जवळ असूनही न पाहण्यात त्यांचा मान राहतो, हे मुलांना याच वयात उमगावे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जबाबदारीचा. मुलाच्या पायास ठेच लागली तरी शाळेस जाब विचारला जातो. मग नदी, डोंगर, अरण्य यांच्या भानगडीत कोणता शिक्षक पडेल? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पाण्यात बुडून विद्यार्थी दगावल्याच्या वार्ता दरवर्षी वाचावयास मिळतात. म्हणून आमच्या सूचनेत दोन गोष्टी ठाम आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पायी सहल नाही. त्या काळात धबधबे सुंदर दिसतात, आणि वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने खालचा ओढा घटकाभरात फुगतो. आणि कोणत्याही ऋतूत नदीत उतरावयाचे नाही, घोट्यापर्यंतही नाही. मलप्रभेच्या खडकाळ पात्रात डोह आहेत. वरून पाणी शांत दिसते एवढ्यावर विसंबू नये.

प्राण्यांची भीती पालक अधिक बाळगतात. आपल्या तालुक्यात अस्वले आहेत, गवे आहेत, दांडेलीकडून हत्तीही भातखाचरांत उतरतात. परंतु दिवसाउजेडी, रुळलेल्या वाटेने, बोलत चालणाऱ्या घोळक्यास त्यांच्यापासून फारसे भय नसते; एकट्या-दुकट्या शेतकऱ्यास पहाटे व तिन्हीसांजेस ते असते. म्हणून चार वाजता परतीची वाट धरलेली असावी. खरी काळजी घ्यावयाची ती इवल्याशा गोचिडीची. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात प्रथम ओळखलेला माकडताप तिच्यामुळेच पसरतो. २०१५ पासून पलीकडच्या सत्तरी तालुक्यातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. हिवाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो. अंगभर कपडे घालावे, पालापाचोळ्यावर बसू नये, घरी येताच गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावयास टाकावे, आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्यकेंद्रास कळवावे. एवढे पाळले की भागते.

दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा. दहावीच्या वर्षात तीन दिवस कोठून काढावयाचे? ज्या शाळेत एका दूरच्या सहलीपायी तीन दिवस जातात, त्या शाळेने हा प्रश्न विचारू नये, एवढेच याचे उत्तर.

तिसरा आक्षेप मोठ्यांकडून आलेला नाही, तो मुलांकडून आला, आणि तोच आम्हांस सर्वांत विचारात पाडणारा वाटतो. गवाळी, कोंगळा, पास्टोली, तळेवाडी, आमगाव अशा रानातील खेड्यांची मुले शिक्षणासाठी नातेवाइकांकडे वा वसतिगृहात राहतात. सुटीत घरी जाताना बस जेथे थांबते तेथून पुढे ती पायीच जातात. पावसाळ्यात त्यांच्या गावचा आजारी माणूस खांद्यावरून वाहून आणावा लागतो. त्यांतील एकास या पायी सहलीची कल्पना सांगितली तेव्हा तो हसला व म्हणाला, “सर, चालायला सहल कशाला पाहिजे? आम्हांला तर गाडीत बसायची हौस आहे.”

त्याचे म्हणणे खोटे नाही. ज्याच्यासाठी चालणे ही लाचारी आहे, त्याच्यापुढे चालण्याची स्तोत्रे गाणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. रस्ता नसलेल्या गावांस रस्ता द्यावा की पैसे देऊन त्या कुटुंबांस अरण्याबाहेर वसवावे, हा प्रश्न सरकारदरबारी चालला आहे. ज्यांच्या पायांखाली ती वाट आहे त्यांनाच तो सोसावा लागतो. परंतु याच मुलाचा विचार करून आम्ही म्हणतो की पायी सहल हवी. वर्गात त्याचा क्रमांक शेवटून दुसरा आहे. इंग्रजीच्या तासास तो मान खाली घालून बसतो. मात्र ऐन कोणता, किंजळ कोणता, जांभ्याच्या सड्यावर पाणी कोठे झिरपते, गव्याचा माग कोणता व म्हशीचा कोणता, ही वाट पुढे कोठे फुटते, हे त्याला जितके कळते तितके शिक्षकांसही कळत नाही. ज्या दिवशी संपूर्ण वर्ग त्याच्या मागोमाग चालेल आणि पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी त्याला झाडाचे नाव विचारून वहीत लिहून घेईल, त्या दिवशी वर्गातील बाकांचा क्रम थोडासा हलेल. दूरच्या सहलीत तो घरी राहतो. या सहलीत त्याच्यावाचून पाऊल पुढे पडणार नाही. आणि त्याची गाडीची हौस? तीही पुरवू, कणकुंबीपर्यंत बसच आहे, आणि खिडकीजवळची जागा त्याची.

मुलींच्या बाबतीतही एक शब्द. पायी सहल म्हणताच मुलींना वगळण्याची किंवा त्यांची वेगळी, आखूड सहल काढण्याची सूचना होते. डोक्यावर मोळी वा घागर घेऊन कोसभर जाणाऱ्या स्त्रियांच्या या तालुक्यात हा युक्तिवाद कसा टिकतो ते आम्हांस कळत नाही. सोबत शिक्षिका असाव्यात आणि मुक्कामाच्या जागी स्वच्छतेची सोय आहे की नाही हे आधी पाहून ठेवावे. देवळाची धर्मशाळा वा गावची प्राथमिक शाळा विचारल्यास नाही म्हणत नाही.

खर्च जवळजवळ नाहीच. भाकरी, चटणी, कांदा, दहीभात. ज्याच्या घरी जे असेल ते. विकतचे खाद्यपदार्थ आणावयास मनाई असावी. त्याने कचरा होतो, आणि कोणाच्या डब्यात काय याची तुलनाही सुरू होते. प्रत्येकाजवळ दोन बाटल्या पाणी, एक वही, डोक्यास टोपी वा रुमाल. भ्रमणध्वनी शिक्षकांजवळ दोन असले की पुरे. मुलांच्या घोळक्याची चाल तासाला तीन किलोमीटरहून अधिक धरू नये. सर्वांत पुढे वाट जाणणारा, सर्वांत मागे एक शिक्षक, आणि घोळक्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाइतका.

पहिली सहल असोग्याची ठेवावी, नोव्हेंबरातील दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी. सकाळी सात वाजता शाळेच्या आवारात जमावे, साडेसातला निघावे, दहाच्या आत नदीकाठी पोहोचावे. आठवी ‘अ’ व ‘ब’ या दोन्ही तुकड्यांनी एकत्र जावे. पटावर जितकी नावे आहेत, तितकी मुले निघताना रांगेत मोजली जावीत.